अ‍ॅम्पमधी ईएल३४ पॉवर ट्यूब नव्या टाकल्यावर बायस (आवाज नसताना ट्यूबमधून वाहणारा करंट) परत सेट करायचा का, किती ठेवायचा?

फिक्स्ड बायस असंल, म्हणजे ट्यूबला वेगळं निगेटिव्ह व्होल्टेज देऊन करंट ठरवलेला असंल, तर करावाच लागतो भाऊ, प्रत्येक जोडी वेगळी निघती. स्पीकर जोडून अ‍ॅम्प २० मिनिटं तापू द्या, मग कॅथोडच्या (ट्यूबच्या निगेटिव्ह बाजूच्या) १ ओहम रेझिस्टरवर मल्टिमीटर लावा, जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँप. ईएल३४ ची प्लेट (ट्यूबमधली पॉझिटिव्ह पट्टी) जास्तीत जास्त २५ वॅट उष्णता सोसणारी, त्याच्या ७० टक्के म्हणजे १७.५ वॅट, प्लेटला ४५० व्होल्ट असले तर ३८-३९ मिलिअँप होतात, पण मी ३५ च ठेवतो, कारण आपल्या परभणीत संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असतं अन् रात्री लोड उतरला की एकदम चढतं, मग करंटबी चढतो. म्हणून सेटिंग रात्रीच करा, खोलीतला दिवा बंद करून बघा, प्लेट लालसर दिसली की अ‍ॅम्प लगेच बंद. आणि एक हात खिशातच ठेवा, बंद केल्यावरबी कपॅसिटरमधी जीवघेणा चार्ज राहतो.