घराच्या दुरुस्तीची तोडफोड सुरू व्हायच्या आधी एवढं कराच
अहो, झाकायचं नंतर बघू असं अजिबात करू नका, पहिला हातोडा पडायच्या आधीच काम चालणाऱ्या खोलीच्या दारावर जाड प्लास्टिक मास्किंग टेपने चारी बाजूंनी चिकटवा आणि दाराखालच्या फटीत ओलं फडकं कोंबा, धूळ तिथूनच घुसते. एसी बंद ठेवा. टाइल्स पाणी सोडत कापणाऱ्या कटरने कापायला सांगा, कारण त्या बारीक भुकटीत सिलिका (वाळूत असतं ते खनिज) असते, ती फुफ्फुसात जाऊन बसते आणि रुमालाने अडत नाही, एन-९५ मास्कच लागतो, कारागिरांनाही द्या हं. आणि झाडू नका मारू! सुकी धूळ परत उडते, ओलं फडकं फिरवा, वरून खाली. आमच्याकडे तर बंद कपाटातल्या चादरींच्या घड्यांतही पिठासारखी धूळ निघाली होती.