टर्कीचा कॉल: 25 डॉलरचा की 180चा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ऑफिसातला मित्र दर वसंतात रानटर्कीच्या शिकारीला जातो, त्याला हाताने केलेला बॉक्स कॉल (मादीसारखा आवाज काढून नर टर्कीला जवळ बोलवायची लाकडी पेटी) गिफ्ट द्यायचाय, दुकानातला 25 डॉलरला मिळतो आणि कारागीर 180 सांगतोय, एवढं त्यात काय आहे, आणि गॅरेजात टेबल सॉ आहेच तर मीच का करू नये. करा की, पण मित्रासाठी नको, आधी स्वतःसाठी करा. का ते सांगतो.

आमचं घर माळकरी, त्यामुळे शिकारीत मला शून्य इंटरेस्ट. पण साउथ कॅरोलिनात इतकी वर्षं काढली आणि शेजारी एक रिटायर्ड आजोबा कॉल बनवणारे मिळाले, लाकडाचा नाद मला आधीपासून होताच, मग शनिवारी त्यांच्या शेडमध्ये जाऊन बसायची सवयच लागली.

बॉक्स कॉल म्हणजे काय तर वीतभर लांबीची पातळ भिंतींची लाकडी पेटी, वर एका टोकाला स्क्रूवर फिरणारं झाकण, झाकणाच्या खालच्या बाजूला खडू. झाकण भिंतीच्या कडेवरून ओढलं की ते अडकतं-सुटतं-अडकतं-सुटतं, सेकंदात शेकडो वेळा, आणि भिंत थरथरते. राळ लावलेला व्हायोलिनचा गज तारेवर जे करतो तेच. मादीची हाक, जिला इथे येल्प म्हणतात, ती दोन सुरांची असते, आधी बारीक स्वच्छ आणि मग लगेच खाली उतरून जरा फाटका. हे दोन सूर एकाच ओढीत यावेत म्हणून भिंतीची कड किंचित कमानदार आणि झाकणाचं पोटही गोलसर ठेवतात. त्या दोन वळणांची जिथे गाठ पडते तिथे सगळा खेळ आहे हो, बाकी पेटी कुणीही चिकटवेल.

आजोबांची पद्धत सांगतो. पेटी चिकटवून सुकली की झाकण लावायचं, एकदा ओढायचं, डोळे मिटून ऐकायचं, झाकण काढायचं, बारीक सँडपेपरचे कडेवर दोनच हात, परत झाकण, परत ओढायचं. एका पेटीवर अख्खी दुपार जाते. भिंत साधारण 3 मिलीमीटर, त्यातही एक बाजू तरुण मादीसारखी बारीक आणि दुसरी म्हाताऱ्या मादीसारखी घोगरी लागावी म्हणून दोन्ही वेगवेगळ्या घासायच्या. एकदा त्यांनी माझ्यासमोर दोन हात जास्त मारले आणि तो खालचा सूर गेला तो गेलाच, पेटी गुपचूप शेगडीच्या सरपणात. 180 डॉलर त्या दुपारचे आहेत, अक्रोडाच्या लाकडाचे नाहीत. फॅक्टरीत कड मशीनवर एकसारखी कापली जाते, पण दोन फळ्या कधी एकसारख्या नसतात, म्हणून त्याच मॉडेलचे पाच कॉल ओढून बघा, एखादा अफलातून लागतो आणि बाकीचे दाराच्या बिजागरीसारखे. 25चा घ्यायचा तर ऑनलाइन नका घेऊ, दुकानात जाऊन कानाने निवडा, एवढंच.

माझी पहिली पेटी. महोगनीची बॉडी, चेरीचं झाकण, आणि हौसेने आतून-बाहेरून, कडेलासुद्धा पॉलियुरेथेनचे तीन हात. दिसायला शोकेसमध्ये ठेवावी अशी, आवाज मात्र शून्य, कारण गुळगुळीत कडेवर खडू पकडच घेत नाही. पॉलिश फक्त बाहेरून, तेही पातळ. दुसरी पेटी बरी झाली होती, तर चिवडा खाता खाता झाकणाचं पोट बोटांनी पुसलं आणि तेल लाकडात मुरलं. खडूही साधा, तेल-मेण नसलेलाच हवा.

कुणी हाताच्या कॉलचा इतिहास सांगून भाव वाढवायला लागलं तर माहीत असावं म्हणून: हेन्री गिब्सनने आर्कान्सातल्या डार्डनेलमधून 1897 मध्ये बॉक्स कॉलचं पेटंट घेतलं, पुढे अलाबामाच्या बर्मिंगहॅमच्या एम. एल. लिंचने असे कॉल घरोघरी पोचवले. आणि आमच्या इथे ग्रीनवुडचा नील कॉस्ट, त्याच्या लांबलचक झाकणाच्या पेट्यांना बोट पॅडल, म्हणजे होडीचं वल्हं, म्हणतात, त्या आता कलेक्टर लोक हजारो डॉलरला घेतात. तसली पेटी कुणी रानात नेत नाही. तुमच्या मित्राला वापरायला हवाय ना, मग सही-नंबरवाल्या पेटीच्या नादी लागू नका.

स्वतः करायचं तर पहिल्यांदा स्क्रॅच बॉक्स करा. छोटी पेटी एका हातात, खडू लावलेली लाकडाची पट्टी दुसऱ्या हातात, स्क्रूची भानगड नाही आणि बिघडली तर तासाभराचंच नुकसान. स्लेटच्या पॉट कॉलसाठी (वाटीसारख्या भांड्यात बसवलेली पाटीची चकती, तिच्यावर काडी घासून आवाज काढतात) काडी करायला गावाकडून शिसवीचा तुकडा आणावा असं मनात असेल तर थांबा, 2017 पासून सगळ्या शिसवी साइटिसच्या, म्हणजे दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहेत, कच्चं लाकूड आणायचं म्हणजे परवान्याचं लफडं. हिकरी नावाच्या झाडाचं टणक लाकूड इथेच मिळतं आणि आवाजाला छान लागतं.

पंखाच्या हाडांचा कॉल पण बघून ठेवा, मला तो सगळ्यात भारी वाटतो, मी शाकाहारी असूनसुद्धा. मादीच्या पंखातली तीन हाडं साफ करून एकात एक बसवायची, आणि गंमत म्हणजे तो फुंकत नाहीत, ओठांनी आत ओढतात, चुंबनासारखा आवाज करत. मूलनिवासी लोकांची ही फार जुनी युक्ती. आपल्याकडे पारधी नुसत्या तोंडाने तित्तर बोलावतात, ते आजोबांना सांगितलं तर त्यांनी दोनदा परत सांगायला लावलं.

एक गोष्ट सीरियसली घ्या. टेस्टिंग घरी करा, सीझनमध्ये पब्लिक जंगलात जाऊन अजिबात नाही, झुडपामागून टर्कीचा आवाज आला की तिकडे बंदूक वळू शकते. आणि लाल, पांढरा, निळा कपडा तर नकोच, नराच्या डोक्याचे रंग तेच असतात.

गिफ्ट पॅक करताना झाकण आणि कडेच्या मध्ये कागदाची घडी घाला म्हणजे खडू घासला जाणार नाही, वरून एक रबरबँड. रबरबँड टाकू नका म्हणावं, तो सैलसर लावून पेटी जोरात हलवली की नराची गडगड निघते. सोबत ब्रेडची रिकामी प्लास्टिक पिशवी द्या, हसेल तो, पण पावसात पेटी पिशवीत ठेवून पिशवीतच वाजवतात. आणि स्क्रूला हात लावू नकोस एवढं तेवढं चिठ्ठीवर लिहा.