आततायी की उतावळा?

एका ताईंनी विचारलंय की सेल बघून काही विचार न करता महागाचा मोबाईल घेतला तर "मी आततायीपणे मोबाईल घेतला" असं लिहिलेलं चालतं का, का तिथं उतावळेपणाच म्हणायचं.

माझ्या मते नाही चालत. मोबाईलसाठी आततायी हा शब्द लई जड होतो.

संस्कृतात आतत म्हणजे ताणलेलं, त्यावरून आततायी म्हणजे धनुष्य ताणून मारायलाच निघालेला. जुन्या धर्मशास्त्रात सहा आततायी मोजलेत, आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन अंगावर येणारा, धन लुटणारा, शेत बळकावणारा आन दुसऱ्याची बायको पळवणारा. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन कौरवांना आततायी म्हणतो ते याच अर्थानं, तिथं घाईचा संबंधच नाही, कौरवांनी तर सगळं ठरवून केलेलं. मराठीत येता येता गुन्हेगार मागं पडला आन रागाच्या भरात टोकाला जाणारा माणूस उरला, पण नुकसान काही त्या शब्दातून गेलं नाही.

मी हा शब्द पहिल्यांदा आजीकडून ऐकला. आमचं गाव जालन्याकडं. वाटणीवरून भावाभावांत भांडण झालं आणि धाकटे काका कुऱ्हाड घेऊन मोसंबीच्या बागेत घुसले, झाडं फळांनी लदलेली, कुणी हात धरायच्या आत अकरा झाडं आडवी. आजी ओरडली नाही, मातीतलं एक हिरवं फळ उचललं, पदराला पुसलं आन म्हणली, "बाबा, कामून असा आततायीपणा केलास? आता पाच वर्सं कुठून आणायची?" याच काकांनी मुलगी बघायच्या आधीच लग्नाचे कपडे शिवायला टाकले होते, तेव्हा तीच आजी "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग" म्हणून हसायची. उतावळ्याला दम निघत नाही एवढंच.

तडकाफडकी आणखी वेगळा, तो फक्त वेग सांगतो, तडकाफडकी दिलेला राजीनामा महिनाभर मनात घोळलेला असू शकतो.

तर ताई, "मागचापुढचा विचार न करता घेतला" लिहा. नाहीतर आपली क्रियापदंच हे काम फार छान करतात बघा, मनात आलं आन घ्यायचं उरकलं तर "घेऊन टाकला", आणि हप्ते भरताना जीव जायला लागला की "घेऊन बसले".