जर्मनमधला दोन टिंबांचा 'यू' आपल्या 'यू'सारखाच उच्चारायचा का? आणखी कुठल्या भाषांत तो आहे?

नाही, कृपया 'यू' म्हणू नका. 'यू'मध्ये आधी य येतो, मग ऊ. जर्मनमधला हा स्वर एकसंध आहे, त्यात जीभ कुठून कुठे जात नाही. पुण्या-मुंबईत आपण सगळेच 'मॅक्स म्युलर भवन' म्हणतो आणि देवनागरीत याहून जवळचं काही लिहिताही येत नाही. पण जर्मन शिकताना तोच 'म्यु' तोंडात बसला, की मोडताना फार जड जातं.

संस्कृत व्याकरणात इ तालव्य म्हणजे टाळूजवळचा, उ ओष्ठ्य म्हणजे ओठांचा. हा स्वर एकाच वेळी दोन्ही आहे. लांब 'ई' म्हणा, जिभेचं टोक खालच्या दातांना आतून टेकलेलं ठेवा. आता आवाज न थांबवता फक्त ओठांचा चंबू करा, शीळ घालताना करतो तसा. ओठ गोल झाले की जीभ मागे न्यायची आपल्याला सवय आहे, त्यामुळे बहुतेकांचा इथे सरळ 'ऊ' होतो. म्हणून लगेच ओठ परत फाकवून बघा. स्वच्छ 'ई' ऐकू आला, तर जीभ जागेवर होती.

हा स्वर जगात तसा दुर्मिळच. ओठ गोल केले की 'ऊ' हा 'ई'पासून कानाला आणखी लांबचा वाटतो, म्हणून बहुतेक भाषा गोल ओठ मागच्या, म्हणजे जीभ मागे नेऊन म्हटलेल्या स्वरांसाठीच राखतात. 562 भाषांच्या एका पाहणीत ओठ गोल, पण जीभ पुढे ठेवून म्हटलेले असे स्वर फक्त 37 भाषांत सापडले. मात्र त्या थोड्या भाषांमध्ये मोठ्या भाषा आहेत: फ्रेंच, तुर्की, चिनी. फिनिश आणि हंगेरियनमध्येही तो आहे. जुन्या इंग्रजीत होता, पुढे गेला.

जिथे आहे तिथे त्याच्यावर अर्थ अवलंबून असतो. फ्रेंचमध्ये 'दसू' म्हणजे खाली, त्याच शब्दात हा स्वर आला की वर. चिनीत 'लू' म्हणजे रस्ता, हा स्वर घालून त्याच सुरात म्हटलं तर हिरवा. जर्मनीत दारावर 'ढकला' लिहिलेलं असतं, त्या शब्दाची टिंबं काढली की 'छापा' होतं.

हा जमला की ओ-उमलाउट, म्हणजे जर्मनमधला दोन टिंबांचा 'ओ'ही त्याच वाटेने करा: जीभ 'ए'ची, ओठ 'ओ'चे.