गोव्याहून लिस्बनला विमानाने नक्की किती तास लागतात?

नकाशावर ८,३०० किमी दिसतं, म्हणजे दहा तासांचा प्रवास, मग तिकिटावर १५ ते २२ तास का, असं तुम्ही विचारलंय. अंतर बरोबर काढलंय तुम्ही. थेट विमान असतं तर दहा-साडेदहा तासांत पोचवलंही असतं. पण थेट विमान नाही, सगळा घोळ तिथेच आहे. (१९६१च्या आधी गोव्यातल्या दाबोळी विमानतळावरून कराचीमार्गे लिस्बनला विमानं जायची, तीही थांबत थांबतच.)

आमच्या घरची माणसं तिकडे असल्याने ही तिकिटं बघण्याचं काम कायम माझ्याकडे असतं. माझी पसंती दोहाला. आखातातून जायचं म्हणजे लांबचा फेरा, असं बऱ्याच जणांना वाटतं, पण दोहा जवळजवळ वाटेतच लागतं. मोपा (गोव्यातला दुसरा विमानतळ) ते दोहा सुमारे २,५५० किमी, पुढे लिस्बन ५,८००. बेरीज सरळ अंतरापेक्षा पन्नास किमीनेही वाढत नाही. मुंबई आणि फ्रँकफर्टमार्गे गेलात तर पाचेकशे किमी जास्त पडतात, शिवाय विमानं दोनदा बदला. म्हणून किलोमीटर सोडा, मध्ये बसून किती राहायचंय ते बघा. उडण्याचा वेळ बाराच तासांचा, बाकी सगळी विमानतळावरची खुर्ची.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात हेही लक्षात घ्या. समजा मोपाहून पहाटे ४ला निघालात. चार तासांत दोहा, तिथे तीन तास थांबा, मग आठ तास लिस्बन. उन्हाळ्यात तिकडच्या घड्याळात दुपारचे अडीच वाजलेले असतील. वरवर साडेदहा तास दिसतात, प्रत्यक्षात १५ झाले. लिस्बन आपल्यामागे उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. परतताना वारा पाठीशी असतो, त्यामुळे लिस्बन-दोहा टप्पा तासाभराने कमी होतो, पण घड्याळ मात्र पुढे पळतं आणि घरी पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो.

स्वस्त पडतं म्हणून मुंबईपर्यंतचं तिकीट वेगळं काढणार असाल तर माझं मत विरोधात आहे. मुंबईत बॅग स्वतः ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करावी लागते, आणि पहिलं विमान रखडलं तर पुढची कंपनी जबाबदारी घेत नाही. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर असू दे.

आणि बुक करण्याआधी विमानतळाचा कोड वाचा. जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. शोधताना नुसतं ‘गोवा’ टाकलं की दोन्ही येतात, आणि जाण्याचं एक, येण्याचं दुसरं असं तिकीट सहज निघतं. तुम्ही म्हापसा-पेडण्याकडचे असाल आणि गाडी मोपाच्या पार्किंगमध्ये लावून गेला असाल, तर रात्री दाबोळीला उतरून पुन्हा मोपापर्यंत टॅक्सी करावी लागेल. ते भाडंही तिकिटात धरूनच तुलना करा.