दहा धावा खाल्लेली ती पहिली इनिंग

अटलांटा ब्रेव्ह्ज या अमेरिकन बेसबॉल संघाचा चाहता झालास, छान केलंस. आता एकच सांगते: सीझनच्या शेवटच्या मॅचमध्ये संघ धुतला गेला, तर त्या रात्री कुणाचंही नाव घेऊन शिव्या घालू नकोस.

9 ऑक्टोबर 2019, सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघाविरुद्धच्या प्लेऑफ (बाद फेरी) मालिकेतली निर्णायक पाचवी मॅच, तीही घरच्या मैदानावर. पहिल्याच इनिंगमध्ये त्यांनी 10 धावा काढल्या, बेसबॉलमध्ये हे म्हणजे फारच झालं! शेवटी 13-1. आमचा पिचर (चेंडू टाकणारा) फोल्टिनेविच एकच फलंदाज बाद करून परतला. याच माणसाने पाच दिवसांपूर्वी त्याच संघाला सात इनिंग्ज एकही धाव दिली नव्हती. फर्स्ट बेसवर (फलंदाज धावत गाठतो त्या पहिल्या तळावर) आमच्या फ्रीमनच्या हातून चेंडू सुटला, आणि आमच्याच लोकांनी हुर्यो उडवली. फार लागलं मनाला.

रडू आलं तर रड, पण मॅच अर्ध्यावर सोडू नकोस. जुन्या चाहत्यांना 1996 विचार. तेव्हा प्लेऑफमधल्या मालिकेच्या सातव्या मॅचमध्ये याच कार्डिनल्सना आपण 15-0 ने हरवलं होतं. त्यांचेही लोक तेव्हा असेच सुन्न बसले असतील ना?

आणि 2021 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनच्या विजेतेपदाची मालिका, आपण जिंकताना शेवटचा चेंडू फर्स्ट बेसवर फ्रीमननेच झेलला.