रिमोट घेण्यापूर्वी
राजवाड्याची रात्रीची रोषणाई टिपण्यासाठी आपण दुरून फोटो काढता येईल असा कॅमेऱ्याचा रिमोट घेणार असाल, तर तो इन्फ्रारेड (टीव्हीच्या रिमोटसारखा, अदृश्य प्रकाशावर चालणारा) आहे की रेडिओ लहरींवर चालणारा, हे आधी पाहावे. इन्फ्रारेडचा संकेत टिपणारा सेन्सर बहुतेक कॅमेऱ्यांत पुढच्या बाजूस असतो; त्यामुळे ट्रायपॉडमागे उभे राहून कितीही बटण दाबले तरी कॅमेरा दाद देत नाही, आणि मी तर पहिल्या रात्री सेल संपला असे समजून तो दोनदा बदलला होता. हात कॅमेऱ्याच्या बाजूने पुढे नेऊन रिमोट सेन्सरकडे वळवावा. बोटे मात्र लेन्सपुढे येऊ देऊ नयेत. रेडिओला ही अडचण नाही, पण त्याचा रिसीव्हर सहसा कॅमेऱ्याला जोडावा लागतो. इन्फ्रारेड रिमोट असेल तर कॅमेऱ्याच्या ड्राइव्ह मोडमध्ये (फोटो कशा रीतीने टिपायचा हे ठरवणारी सेटिंग) रिमोट निवडावा. ३० सेकंदांहून दीर्घ एक्सपोजरसाठी, म्हणजे शटर तितका वेळ उघडे ठेवण्यासाठी, बहुधा बल्ब मोड लागतो; त्यात शटर किती वेळ उघडे ठेवायचे ते आपण ठरवतो. ऑटो एक्सपोजर (कॅमेराच उजेड मोजून एक्सपोजर ठरवतो ती सोय) वापरताना डीएसएलआरचा, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा, व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) झाकावा, अन्यथा मागच्या दुकानांचा उजेड त्यातून शिरून उजेड मोजणाऱ्या मीटरला चकवतो.